दिवाणखान्यांतील नवा पट

घरांत खेळ असावा कीं नसावा, असा वाद आपल्याकडे फारसा कधीं झाला नाहीं. वाद होत असे तो एवढाच कीं, डाव कोठें मांडावा, किती वेळ चालूं द्यावा, आणि दिवेलागणी झाली असतां तो मोडण्यास कोणीं सांगावें. सोंगट्या, पत्ते, सागरगोटे, पुढें कॅरम, यांपैकीं कांहीं ना कांहीं प्रत्येक नांदत्या घरांत असे. एरवीं मुलांस धाकांत ठेवणारे वडीलधारे गृहस्थहि उन्हाळ्याच्या दुपारीं बदामसातांत नातवाचें पान अडवून धरण्यांत कमीपणा मानीत नसत.

आतां पट बदलला आहे. दिवाणखान्याच्या भिंतीवर दूरचित्रवाणीचा रुंद पडदा, त्याच्या पाठीमागें तळहाताएवढी एक पेटी किंवा बोटाएवढी कांडी, आणि हातांत मोजक्या बटणांचा रिमोट, एवढें त्याचें साहित्य. चित्रपट व मालिका पाहण्यासाठीं घेतलेल्या या पेटींत खेळहि असतात, हें पुष्कळ घरांस मुलांकडूनच प्रथम कळतें. मग एखाद्या रविवारीं पडद्यावर कोंबडी रस्ता ओलांडूं लागते, मुलें ओरडूं लागतात, आणि स्वयंपाकघरांतून प्रश्न येतो कीं, हें काय नवें खूळ? या सदरांतून घरांतील बारीकसारीक गोष्टींचाच विचार आम्ही करीत आलों आहों. तेव्हां या प्रश्नासहि येथें जागा देणें उचित होईल.

प्रथम हें सांगितलें पाहिजे कीं, खूळ नवें नाहीं. त्यास पन्नासाहून अधिक वर्षें झालीं. १९७२ सालीं, म्हणजे ज्या वर्षीं २ ऑक्टोबरला मुंबईचें दूरदर्शन केंद्र सुरू झालें त्याच वर्षीं, अमेरिकेंत मॅग्नाव्हॉक्स कंपनीनें ‘ओडिसी’ नांवाचें यंत्र विक्रीस आणलें. राल्फ बेअर हा त्याचा जनक. १९३८ सालीं जर्मनी सोडून अमेरिकेंत आलेल्या एका यहुदी कुटुंबांतील हा मुलगा पुढें अभियंता झाला. आणि घरोघर असलेल्या दूरचित्रवाणी संचानें नुसतें दाखवीत न राहतां माणसाच्या हाताचेंहि कांहीं ऐकावें, या हेतूनें १९६६ पासून त्यानें खटपट केली. ओडिसीला आवाज नव्हता, रंग नव्हते, आणि गुण मोजण्याची शक्तीहि नव्हती. पडद्यावर पांढरे ठिपके व एक रेघ एवढेंच हले. मैदान, घर, चक्रव्यूह हें सारें पारदर्शक प्लास्टिकच्या पत्र्यांवर छापलेलें असे, आणि ते पत्रे खेळणारांनीं पडद्यावर चिकटवावयाचे. यंत्राबरोबर खोक्यांत फासे, पत्ते व खोटे पैसेहि येत. म्हणजे दूरचित्रवाणीवरील हा पहिला घरगुती खेळ अर्धा पटच होता. गुण कागदावर लिहावयाचे, भांडण तोंडानें मिटवावयाचें, आणि पुढचा हात कोणाचा तें बसलेल्या मंडळींनीं ठरवावयाचें, अशी त्याची रीत होती. ही गोष्ट आमच्या वाचकांनीं ध्यानांत ठेवावी, कारण पुढें आम्हांस तिचा उपयोग करावयाचा आहे.

त्यानंतर यंत्रें शहाणीं होत गेलीं. गुण मोजणें, नियम पाळणें, प्रतिस्पर्धी होणें हीं सर्व कामें त्यांनीं माणसांकडून काढून घेतलीं. आपल्याकडे १९९० च्या सुमारास कॅसेट घालून खेळावयाचे व्हिडिओ गेम मध्यम वर्गाच्या घरांत आले. आज चाळिशी ओलांडलेल्या पुष्कळ गृहस्थांस परीक्षेच्या दिवसांत त्या कॅसेटी कपाटांत कुलूपबंद झाल्याचें स्मरण असेल. पुढें खेळ संगणकावर गेला, आणि शेवटीं मोबाईलमध्यें शिरून प्रत्येकाच्या खिशांत जाऊन बसला.

भिंतीवरील पडद्याकडे तो पुनः परतला तो या इंटरनेटच्या पेटीमुळें. रोकू कंपनीची पहिली पेटी २००८ ची. २०११ मधील तिच्या एका पेटीबरोबर हातांत हलवून खेळण्याजोगा रिमोट व फिनलंडमध्यें तयार झालेला ‘अँग्री बर्ड्स’ हा खेळ दिलेला होता. ॲमेझॉनची फायर टीव्ही व गूगलची अँड्रॉइड टीव्ही हीं दोन्हीं २०१४ मध्यें निघालीं. २०१५ मध्यें ॲपल कंपनीनें आपल्या पेटीस खेळांचें दुकान जोडलें. फायर टीव्ही स्टिक ही कांडी भारतांत २०१७ मध्यें आली, आणि तेव्हांपासून आपल्याकडील साध्या घरांतहि ही सोय सुलभ झाली.

या पेटीवरील खेळ साधे कां असतात, हें पाहण्यासारखें आहे. शौकिनांच्या मोठ्या यंत्रांस दोन्ही हातांत धरावयाचा, दहाबारा बटणांचा नियंत्रक लागतो. पेटीचा रिमोट हा मुळांत मालिका लावण्यासाठीं व थांबविण्यासाठीं केलेला. वर, खालीं, डावीकडे, उजवीकडे आणि मध्यें एक होकाराचें बटण, एवढ्यावर जें खेळतां येईल तेंच येथें चालतें. शिवाय पाहणारा पडद्यापासून आठदहा फूट दूर बसलेला असतो, त्यामुळें चित्र मोठें व ठळक असावें लागतें. आणि पेटीची शक्ति व साठवण दोन्हीं बेताचीं असतात. ॲपलनें आरंभीं तर अशी अटच घातली होती कीं, आपल्या पेटीवरील प्रत्येक खेळ केवळ रिमोटनें खेळतां आला पाहिजे. खेळ तयार करणारांनीं कुरकुर केली, आणि २०१६ मध्यें ती अट सैल झाली. अट व्यापाराच्या दृष्टीनें अडचणीची असेल. परंतु कुटुंबाच्या दृष्टीनें पाहतां ती योग्यच होती असें आम्हांस वाटतें. जो खेळ समजण्यास पांच मिनिटें पुरत नाहींत, त्यांत आजी कधींच भाग घेणार नाहीं; आणि आजी ज्यांत नाहीं तो दिवाणखान्यांत चालला तरी घरचा खेळ नव्हे.

उदाहरणादाखल वर सांगितलेली कोंबडीच घेऊं. ‘क्रॉसी रोड’ हा खेळ ऑस्ट्रेलियांतील ‘हिप्स्टर व्हेल’ या लहानशा मंडळीनें २०१४ च्या नोव्हेंबरांत मोबाईलसाठीं काढला. पुढील वर्षीं ॲपलनें आपली नवी पेटी जगासमोर ठेविली, तेव्हां व्यासपीठावर हाच खेळ दोघांनीं एकत्र खेळण्याच्या सोयीसह दाखविण्यांत आला. खेळ असा. एक कोंबडी आहे; तिला रस्ते, नद्या व आगगाडीचे रूळ ओलांडावयाचे आहेत. बटण एकदां दाबलें कीं ती एक पाऊल पुढें जाते. मोटारीखालीं सांपडली, ओंडक्यावरून पाण्यांत पडली, कीं डाव संपला. आणि भिऊन फार वेळ एके ठिकाणीं उभी राहिली तर गरुड येऊन तिला उचलून नेतो. जितकीं पावलें तितके गुण. याहून अधिक नियम नाहींत. सहा वर्षांचें मूल व सत्तर वर्षांची आजी यांनीं एकाच इयत्तेंत बसावें, असे खेळ जगांत थोडे. त्यांपैकीं हा एक आहे.

आतां मुद्द्याकडे वळूं. मोबाईलवरील खेळ व भिंतीवरील खेळ हे दिसण्यांत एक असले तरी घरांतील त्यांचें स्थान अगदीं निराळें आहे. मोबाईलचा पडदा हा तळहाताएवढा. तो ज्याच्या हातीं त्याच्याच डोळ्यांसाठीं असतो. मुलगा काय खेळतो, जिंकला कीं हरला, कोणाशीं बोलतो, हें शेजारीं बसलेल्या आईसहि दिसत नाहीं. भिंतीवरील खेळ सर्वांस दिसतो. कोंबडी मोटारीखालीं गेली कीं सगळें घर हळहळतें. ज्याच्या हातीं रिमोट नाहीं तोहि “आतां जा, आतां नको” असें सांगत असतो. आणि न खेळणारा जो पाहुणा कोपऱ्यांत बसलेला, त्यासहि मत असतें. जुन्या पटाभोवतीं हेंच होत असे. चौघे खेळत आणि आठ जण शिकवीत.

आज अनेक घरांत रात्रीचीं जेवणें झालीं म्हणजे काय दिसतें, तें वाचकांस सांगावयास नको. एकाच खोलींत चार माणसें, चार मोबाईल, आणि कोणाचें कोणाकडे लक्ष नाहीं. यांत भांडण नाहीं, दुरावा नाहीं, परंतु एकमेकांस सांगण्याजोगें कांहीं उरत नाहीं. सर्वांत अधिक एकटें पडतें तें घरांतील वृद्ध माणूस, कारण त्याच्यापाशीं वेळ भरपूर असतो आणि त्या वेळांत येऊन बसणारें कोणी नसतें. परदेशीं वाढलेला नातू महिन्याभरासाठीं पुण्यास किंवा नाशकास येतो. आजीचें मराठी त्यास अर्धें कळतें, त्याचें इंग्रजी आजीस अर्धें कळतें. “जेवलास का” आणि “झोप झाली का” यांपलीकडे संभाषण जात नाहीं. अशा दोघांस एका बैठकीवर बसवून एक रिमोट मध्यें ठेवला, तर पंधरा मिनिटांत नातू आजीस शिकवूं लागतो आणि आजी त्याच्यावर लबाडीचा आरोप करूं लागते. भाषेचें काम तेथें थोडेंच उरतें. या पेटीच्या खेळाकडे आम्ही थोड्या सहानुभूतीनें पाहतों तें एवढ्याचसाठीं.

परंतु सहानुभूति म्हणजे मोकळीक नव्हे. या नव्या पटांत तीन दोष आहेत, आणि ते ओळखल्याशिवाय त्यास घरांत घेणें शहाणपणाचें होणार नाहीं.

पहिला दोष हा कीं, यास शेवट नाहीं. सोंगट्या घरीं पोंचल्या कीं डाव संपे. पत्ते संपले कीं हात मोजले जात. नव्या खेळांपैकीं पुष्कळ असे रचलेले असतात कीं, ते जिंकतां येत नाहींत, फक्त लांबवितां येतात. मॉस्को येथें १९८४ मध्यें अलेक्सी पाझितनोव यानें रचलेला ‘टेट्रिस’ हा वरून पडणारे तुकडे जुळवावयाचा खेळ याचें प्रसिद्ध उदाहरण आहे. त्याची १९८९ मधील एक आवृत्ति चौतीस वर्षें जगभर खेळली गेली. २०२३ च्या डिसेंबरांत अमेरिकेंतील एका तेरा वर्षांच्या मुलानें ती इतकी पुढें नेली कीं, शेवटीं यंत्रच गोठून उभें राहिलें. मनुष्याचा हात थांबला नाहीं, यंत्र थांबलें! ज्या खेळास आंतून शेवट नाहीं, त्यास बाहेरून शेवट घालणें हें घराचें काम होय.

दुसरा दोष पैशाचा. फुकट म्हणून दिलेल्या खेळांत जाहिराती असतात, आणि मधूनमधून नवा पोशाख, नवा प्राणी किंवा आणखी एक संधि विकत घेण्याचा आग्रह असतो. मुलाच्या हातीं रिमोट आणि पेटीस जोडलेलें वडिलांचें बँकेचें कार्ड, असा योग झाला म्हणजे महिनाअखेर काय होतें हें सांगावयास नको. २०१९ मध्यें ॲपलनें ‘आर्केड’ नांवाची योजना काढली. तींत मासिक वर्गणी, आपल्याकडे आरंभीं ९९ रुपये, दिली असतां जाहिराती नाहींत, आंत विक्री नाहीं, व एका कुटुंबांतील सहा जणांपर्यंत खेळण्याची मुभा असते. हा मार्ग त्यांतल्या त्यांत सरळ आहे. प्रत्यक्ष पैसे लावून खेळावयाच्या खेळांचा मात्र आम्ही येथें विचारच करीत नाहीं. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडळांतील अक्षसूक्तांत जुगाऱ्याचा विलाप आहे, आणि सभापर्व तर सर्वांस ठाऊक आहे. या बाबतींत आपल्या समाजास नव्यानें शिकावयाचें कांहीं नाहीं. २०२५ च्या ऑगस्टांत संसदेनें पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांस बंदी करणारा कायदा केला, तोहि त्याच अनुभवाचा पुनरुच्चार होय.

तिसरा दोष देहाचा. खेळ पडद्यावर पळतो आणि खेळणारा बैठकीवर बसलेला असतो. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ मध्यें सांगितलें कीं, एक वर्षाच्या व त्याहून लहान मुलांस पडद्यापुढें बसवूंच नये, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांस दिवसांतून एका तासापेक्षां अधिक नको. त्याहून कमी असेल तर उत्तमच. त्याच संघटनेनें आपल्या रोगांच्या नव्या वर्गीकरणांत खेळाच्या अनावर ओढीचा समावेश केला असून, तें वर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून अमलांत आहे. चार घटका खेळणारा प्रत्येक मुलगा रोगी नव्हे. खेळावरील ताबा सुटला आहे, अन्न, अभ्यास, झोप व माणसें यांपेक्षां खेळ वरचढ झाला आहे, आणि ही स्थिति बहुधा वर्षभर टिकली आहे, तेव्हांच वैद्य तसें म्हणतात. परंतु तेथवर वाट पाहण्याचें कारण काय?

म्हणून कांहीं नियम सुचवावेसे वाटतात. घड्याळ लावून मुलास उठविलें तर तें रुसतें, कारण डाव अर्धा राहतो. यास्तव वेळ न मोजतां डाव मोजावे. प्रत्येकास तीन पाळ्या, आणि गुण कागदावर लिहावयाचे. यंत्र गुण मोजतें हें खरें, परंतु कागद भरला म्हणजे खेळ संपला हें यंत्र सांगत नाहीं. ओडिसीच्या खोक्यांतून फासे व पत्ते येत असत त्या काळाचा हा एवढा भाग परत आणावा. दुसरा नियम, पाळी संपतांच रिमोट पुढच्याच्या हातीं गेलाच पाहिजे. नवख्यास एक पाळी अधिक. तिसरा, विकत घेण्यावर परवलीचा आंकडा घालून ठेवावा. ही सोय या सर्व पेट्यांत असते, आणि तो आंकडा मुलाच्या जन्मतारखेचा नसावा. चौथा नियम यंत्राचा. दूरचित्रवाणी संच चित्र गुळगुळीत करण्यांत क्षणाचा कांहीं अंश घालवितो. त्यामुळें बटण आतां दाबावें आणि कोंबडी मागाहून हलावी असें होतें, व वृद्धांस आपलेच हात मंद झाले असें वाटूं लागतें. संचाच्या मांडणींत ‘गेम मोड’ म्हणून जी सोय असते ती चालू केली कीं हा विलंब पुष्कळ कमी होतो. दोष यंत्राचा असतां आजोबांनीं तो आपल्या वयाच्या माथीं मारून उठून जाऊं नये.

पांचवा नियम आमच्या वाचकभगिनींच्या वतीनें. पूर्वीं माजघरांत पत्त्यांचा डाव रंगे तेव्हां चहा व पोहे आंतून आपोआप येत, आणि ते करणारीच्या हातीं पान क्वचितच पडे. पट बदलला तरी ही रीत पुष्कळ घरांत बदललेली नाहीं. रिमोट सर्वांच्या हातांतून फिरतो आणि स्वयंपाकघराच्या उंबरठ्यापाशीं थांबतो. यास उपाय सोपा आहे. ज्याचे गुण सर्वांत कमी, त्यानें चहा करावा. मग तो घरचा कर्ता असो वा अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्गांतील चिरंजीव असोत. हा नियम भिंतीवर लावण्याचें कारण नाहीं. दोन रविवार पाळला म्हणजे पुरे. घरांतील गृहिणी निर्धास्तपणें बैठकीवर बसून कोंबडीस रस्ता ओलांडून देत आहे, आणि आंतून कपांचा आवाज येत आहे, हें दृश्य ज्या घरांत दिसेल त्या घरांत ही पेटी सत्कारणीं लागली असें आम्ही म्हणूं.

येथें कोणी विचारील कीं, एवढा खटाटोप कशाला, जुना पटच माळ्यावरून कां काढूं नये? अवश्य काढावा. पचिसीपासूनच निघालेल्या ल्यूडोचें पेटंट इंग्लंडांत १८९६ मध्यें घेतलें गेलें. आणि नवी मुंबईंतील एका कंपनीनें २०१६ मध्यें मोबाईलवर आणलेला ‘ल्यूडो किंग’ २०२० च्या टाळेबंदींत घरोघर पोंचला. आपला पट अशा रीतीनें परदेश फिरून आपल्याच हातीं परत येतो, यावरून त्याची गोडी सरलेली नाहीं हें उघड आहे. परंतु पट काढला म्हणून मुलें त्याभोवतीं येतीलच असें नाहीं. मुलें जेथें आहेत तेथें एकदां आपण जावें, म्हणजे आपण जेथें आहों तेथें तीं कधीं तरी येतात. कोंबडीच्या डावांत आजोबा तीनदां हसत हसत हरले, तर चौथ्या वेळीं “आतां माझा खेळ” असें म्हणून सोंगट्यांची पिशवी उघडण्याचा हक्क त्यांस प्राप्त होतो, आणि तो मुलांस नाकारतां येत नाहीं.

दुसरी शंका अशी कीं, लहानांकडून वारंवार हरण्यांत वडिलकीस उणेपणा येतो. आमचें मत उलट आहे. ज्या मुलानें आजोबांस हरतांना आणि हरूनहि न चिडतांना पाहिलें, त्यास हरावें कसें हें कळलें. हें शिक्षण शाळेंत मिळत नाहीं, मोबाईलमध्यें तर नाहींच. कारण तेथें हरलेलें कोणासच दिसत नाहीं आणि एका बोटानें डाव पुनः सुरू होतो.

तेव्हां येत्या सुटींत घरांत पेटी असेल तर एका संध्याकाळीं सर्वांचे मोबाईल फडताळांत ठेवावे, कागद व पेन्सिल घ्यावी, तीन पाळ्या ठरवाव्या, आणि रिमोट प्रथम घरांतील सर्वांत वृद्ध माणसाच्या हातीं द्यावा. पहिल्या दिवशीं कोंबडी पांच पावलांवर मरेल. त्याची काळजी करूं नये. चहा कोणीं करावयाचा तें तरी ठरेल.